उलाळ

७४, २७५ आणि १९७. एकक पौंड. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये ७ ऑगस्ट २०१६ रोजी झालेल्या अपघातानंतर पोलिसांनी जाहीर केलेली ही तीन वजने. बेरीज ५४६. ज्या वॉटर स्लाइडवर अपघात झाला तिचा नियम असा होता, की तराफ्यात तीन जण बसतील आणि तिघांचे मिळून वजन ४०० पौंडांपेक्षा कमी नसेल, ५५० पौंडांपेक्षा जास्त नसेल. किलोत सांगायचे तर साधारण १८१ ते २५० यांच्या मधले. म्हणजे त्या तराफ्याने नियम मोडला नव्हता. वरच्या मर्यादेला अजून चार पौंड शिल्लक होते.

७४ पौंडांचा प्रवासी दहा वर्षांचा मुलगा होता. तो सर्वांत पुढे बसला. मधे २७५, मागे १९७. मुलाच्या ओळखीच्या नसलेल्या दोन स्त्रिया आणि हा मुलगा, अशी तिघांची जोडणी वजनाच्या हिशेबाने झाली. तराफा वाटेत उसळला. मुलगा जागीच गेला, दोघी जखमी झाल्या.

या घटनेची बातमी जगभर गाजली आणि नेहमीप्रमाणे 'जगातली सर्वांत उंच' या शब्दांभोवती फिरत राहिली. मला रस आहे तो त्या बेरजेत. ४०० ते ५५० ही मर्यादा आली कुठून? ती कोणत्या भीतीपोटी ठरली, आणि ती पाळूनही जे घडले ते का घडले? याची उत्तरे बऱ्याच अंशी कागदांत आहेत: विक्रमाची नोंद, उद्यानाचे नियम, सत्तेचाळीस पानांचे आरोपपत्र, ते रद्द करणारा न्यायालयाचा आदेश, आणि अपघाताच्या आधीचा व नंतरचा असे कॅन्सस राज्याचे दोन कायदे. यातला कुठलाच कागद दुसऱ्याशी पुरता जुळत नाही. ते शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

स्लाइडचे नाव 'फेरुक्ट'. जर्मन शब्द, अर्थ वेडा. जर्मन नावाचे कारण मालकांच्या गावात आहे. टेक्सासमधले न्यू ब्राउनफेल्स हे जर्मन स्थलांतरितांनी वसवलेले गाव. तिथे कोमल नदीच्या काठी हेन्री कुटुंबाने १९७९ साली 'श्लिटरबान' हे जलोद्यान सुरू केले. त्यांनी नदीचेच पाणी पन्हळींतून खेळवले. दुसऱ्या पिढीतल्या जेफ हेन्री यांना पाण्याचे उलटे खेळ सुचत. तराफ्याला खालून पाण्याचे जोरदार झोत मारून चढावर ढकलणारी स्लाइड १९९४ साली याच उद्यानात आली. पाणी माणसाला वरही नेऊ शकते, ही त्यातली गंमत. पुढे जगभरच्या जलोद्यानांनी ती उचलली. याच घराण्याने २००९ मध्ये कॅन्सस सिटीत नवे उद्यान उघडले आणि फेरुक्ट तिथे उभी राहिली.

गिनेसच्या नोंदीप्रमाणे तिची उंची १६८ फूट ७ इंच, म्हणजे ५१.३८ मीटर. त्याआधीचा विक्रम ब्राझीलमधल्या 'किलिमांजारो' या स्लाइडचा, ४९.९ मीटरचा. फरक फक्त दीड मीटरचा, उंच माणसाच्या खांद्याएवढा. वर जायला २६४ पायऱ्या होत्या. उंचीला पायऱ्यांनी भागले तर एका पायरीला साडेएकोणीस सेंटिमीटर येतात. आपल्या घरातल्या जिन्याची पायरी साधारण पंधरा ते सतरा सेंटिमीटरची असते. म्हणजे तो जिना अंमळ उभा होता, आणि ओल्या पायांनी चढायचा होता.

आकडे वाचताना एक गोष्ट सहज निसटते. ब्राझीलमधल्या स्लाइडवर माणूस पाठीवर झोपून एकटा घसरतो. खाली आला की संपले. फेरुक्टमध्ये तीन माणसांचा रबरी तराफा होता आणि सतरा मजल्यांच्या उतारानंतर पुन्हा सुमारे पन्नास फुटांचा उंचवटा होता. तराफा उतरून, तो उंचवटा चढून, त्याच्या माथ्यावरून पलीकडे जायचा. विक्रम उंचीचा नोंदवला गेला. कसोटी मात्र त्या दुसऱ्या, ठेंगण्या उंचवट्यावर होती.

उंचावरची वॉटर स्लाइड बांधणाऱ्या अभियंत्याला कशाकशाचा भार मोजावा लागतो, ते आधी पाहू. स्लाइड म्हणजे फायबरग्लासची पन्हळ. ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असते आणि लोखंडी खांबांतून निघालेल्या हातांवर टेकलेली असते. पहिला भार तिचा स्वतःचा. दुसरा पाण्याचा. मीटरभर रुंद पन्हळीत वीतभरही नाही, नुसते दहा सेंटिमीटर पाणी असले तरी दर मीटर लांबीला शंभर किलो होतात. तेच पाणी कशाने अडले आणि गुडघ्याएवढे, पन्नास सेंटिमीटर चढले, तर पाचशे किलो. म्हणून पाणी वाहते असतानाचा हिशेब वेगळा आणि तुंबल्यावरचा वेगळा. तिसरा भार वाऱ्याचा. उंच मनोऱ्यावर तो उभ्या भारापेक्षा जास्त छळतो, कारण तो आडवा येतो. ऊन-थंडीने फायबर आणि लोखंड वेगवेगळ्या मापाने फुगतात, तो चौथा. माणसांचा भार या सगळ्यांत लहान असतो. पण तो धावता असतो. ताशी शंभर किलोमीटरने उतरणारा तराफा तळाच्या वळणावर पन्हळ दाबतो तेव्हा तो आपल्या वजनाइतकाच दाबत नाही. वळणाची त्रिज्या चाळीस मीटर धरली तर तो साधारण तिप्पट दाबतो. २५० किलोची माणसे तिथे ७५० किलोची होतात.

हा भार चुकला की काय होते, त्याचा धडा कॅलिफोर्नियात २ जून १९९७ रोजी मिळाला होता. कॉन्कॉर्ड गावच्या 'वॉटरवर्ल्ड यूएसए' उद्यानात 'बन्झाई पाइपलाइन' नावाची स्लाइड होती. नापा शहरातली शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुले सहलीला आली होती. एकाच वेळी जास्तीत जास्त जणांनी स्लाइडमध्ये कोंबून बसायचे, असा त्यांनी विक्रमाचा बेत केला. जीवरक्षक अडवत होता, त्याला न जुमानता मुले आत शिरली, मधेच थांबली, एकमेकांना चिकटून साखळी झाली. पन्हळीचा तो भाग तुटला आणि सगळे खाली कोसळले. एक मुलगी दगावली, ३२ जण जखमी झाले. एकामागून एक घसरणाऱ्यांसाठी केलेली पन्हळ एका जागी थांबलेल्या तिसाहून जास्त माणसांखाली आली होती. हिशेबात माणूस वाहता होता, प्रत्यक्षात तो साचला. तोपर्यंत कॅलिफोर्नियात जत्रेतले फिरते पाळणे सरकार तपासत असे, एका जागी कायम उभ्या असलेल्या खेळांना मात्र तशी सक्ती नव्हती. १९९९ साली कायदा झाला आणि ती आली. त्या कायद्यामागे इतरही अपघात होते. कॉन्कॉर्ड त्यांतला एक.

कॉन्कॉर्डची गोष्ट कळायला सोपी आहे: भार वाढला, पन्हळ तुटली. फेरुक्टची तशी नाही. तिथल्या आरोपपत्राचा सगळा रोख तराफ्याच्या मार्गावर, उंचवट्यावर आणि वरच्या जाळीवर आहे. मनोऱ्याचे खांब त्यात जवळजवळ कुठेच नाहीत. आणि त्या उंचवट्याच्या माथ्यावर भाराचे गणित उलटे होते.

तळाच्या वळणावर तराफा पन्हळीला दाबतो, तसा माथ्यावर तो तिच्यावरून सुटू पाहतो. रस्त्यावरच्या गतिरोधकावरून स्कूटर जोरात गेली की मागे बसलेला सीटवरून उचलला जातो, तेच. वेग जितका जास्त आणि माथ्याची गोलाई जितकी आखूड, तितका तराफा हलका होतो. एका क्षणी त्याचा पन्हळीवरचा दाब शून्य होतो. त्याच्या पुढे तो पन्हळीत नसतो, हवेत असतो. लोखंडाच्या बाजूने पाहिले तर अख्ख्या स्लाइडवर याहून आरामाची जागा नाही, कारण तिथे भारच नाही. बसलेल्याच्या बाजूने पाहिले तर तीच सर्वांत वाईट.

हे गणित शाळेच्या पुस्तकातल्या सूत्राने करून पाहता येते, मी ते केले. घर्षण अजिबात नाही असे धरले तर ५१ मीटरांवरून तळाशी पोहोचताना वेग ताशी ११४ किलोमीटर भरतो. पन्नास फुटांच्या माथ्यावर पोहोचताना तो ताशी ९६ उरतो. त्या वेगाला तराफा पन्हळीत टेकलेला राहावा, तर माथ्याच्या गोलाईची त्रिज्या किमान ७२ मीटर हवी. म्हणजे मनोऱ्याच्या उंचीपेक्षाही मोठी. प्रत्यक्षात पाणी, हवा आणि रबर मिळून वेग खातात, तेव्हा इतकी लागत नाही. वेग निम्म्यावर आला तर १८ मीटर पुरतात. पण गोम इथेच आहे. त्रिज्या वेगाच्या वर्गाने बदलते. तराफा अपेक्षेपेक्षा दहा टक्के वेगाने आला, तर माथा एकवीस टक्के मोठा हवा होता असे निघते. पन्हळ तर ओतून बसवलेली असते, ती तराफा पाहून वाढत नाही.

मग वजनाचा संबंध काय? वरच्या सूत्रात वजन येतच नाही. जड आणि हलके सारख्याच वेगाने पडतात, हे आपण गॅलिलिओच्या नावाने घोकलेले असते. पण ते हवा आणि पाणी नसतील तर. तराफा तोच, त्याचा तळ तेवढाच, त्याला अडवणारे पाणी तेवढेच. बसणारे जड असतील तर तेवढ्याच अडवणुकीने त्यांचा वेग कमी खच्ची होतो. जड तराफा माथ्यावर जास्त वेगाने येतो. हलका तराफा कदाचित माथा चढूनच जाणार नाही, मागे घसरेल. म्हणून वरची मर्यादा आणि म्हणूनच खालची मर्यादा. उद्यानाच्या नियमातली ४०० ते ५५० पौंडांची चौकट ही अशा दोन भीतींच्या मधली जागा आहे. खाली राहण्याची एक भीती, उडण्याची दुसरी.

रोलर कोस्टरवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वी निराळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या डब्याला रुळाच्या वर चाके असतात तशीच रुळाच्या खालूनही असतात. डबा उडू पाहतो तेव्हा खालची चाके रुळाला धरून ठेवतात. माथ्यावरचा उलटा भार लोखंड घेते. तराफ्याला असा पंजा नसतो. त्याला खाली धरणारे एकच, त्याचे वजन. जेफ हेन्री यांनी उद्घाटनाच्या सुमारास वार्ताहरांना जे सांगितले त्याचा आशय असा, की सुरुवातीचे बरेच गणित रोलर कोस्टरवरून घेतले होते आणि ते पाण्याच्या स्लाइडला लागू पडले नाही. त्या वेळी हे वाक्य जिद्दीच्या कहाणीत छापले गेले. अपघातानंतर वाचताना ते वेगळे वाटते.

टेक्सासमध्ये आधी निम्म्या मापाची स्लाइड करून पाहिल्याचे त्या काळच्या बातम्यांत येते. लहान नमुना हा अभियंत्यांचा जुना सोबती, पण त्याची भाषा यावी लागते. लांबी निम्मी केली की वजन निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. वेग निम्मा होत नाही, सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो. पाण्याचा थर, रबराची लवचीकता, हवेचा अडथळा यांतले काहीच त्याच प्रमाणात लहान होत नाही. लहान नमुन्यावर शहाण्यासारखा उतरलेला तराफा मोठ्या स्लाइडवर तसाच वागेल, याची खात्री नसते. आणि तो वागला नाही. २०१४ च्या वसंतातल्या चाचण्यांमध्ये वाळूच्या पिशव्या भरलेले तराफे उडाले. उद्घाटन मे महिन्यात ठरले होते, ते पुढे पुढे गेले. बांधलेल्या स्लाइडचा बराचसा भाग पाडून पुन्हा बांधला. १० जुलै २०१४ रोजी ती लोकांसाठी उघडली.

आता आरोपपत्र. कॅन्ससच्या वायन्डॉट काउंटीतले हे आरोपपत्र मार्च २०१८ मध्ये उघड झाले. उद्यान, त्याची बांधकाम कंपनी, जेफ हेन्री, मुख्य रचनाकार जॉन स्कूली आणि एक माजी व्यवस्थापक यांच्यावर त्यात गुन्हे ठेवले होते. ते वाचताना तो कोणत्या प्रकारचा कागद आहे हे विसरून चालणार नाही. ते ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने दिलेले, आणि ग्रँड ज्युरीपुढे फक्त सरकारी पक्ष बोलतो. आरोपीचा वकील तिथे उभा राहत नाही. तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द एका बाजूचा आहे. शिवाय हे आरोपपत्र टिकले नाही, त्याकडे येतोच.

तरीही त्यात एक परिच्छेद आहे, ज्यापाशी मी थांबलो. आरोपपत्र म्हणते, की स्लाइड उघडण्याच्या काही दिवस आधी तराफ्यांना गतिमापक उपकरणे लावून चाचणी घेतली गेली, आणि चाचणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालातून असे सूचित होत होते, की तिघांचे एकत्रित वजन ४०० ते ५५० पौंडांच्या दरम्यान असेल तर तराफा हवेत उडण्याची शक्यता आहे.

४०० ते ५५०. म्हणजे नियमात लिहिलेली तीच चौकट. काट्यावर उभे करून ज्यांना 'तुम्ही चालाल' असे सांगितले जात होते, तेच उडण्याच्या यादीत होते. आरोपपत्राचे हे म्हणणे न्यायालयात उलटतपासणीला कधी सामोरे गेले नाही, म्हणून मी त्याला सिद्ध झालेले सत्य म्हणणार नाही. पण ते खरे असेल, तर वजनकाटा आणि अहवाल हे एकाच आकड्याची दोन विरुद्ध भाषांतरे करत होते.

त्याच कागदात आणखी काही नोंदी आहेत. रचनेच्या गतिशास्त्राचे काम पात्र अभियंत्यांकडे नव्हते, हा एक आरोप. बसणाऱ्याचे वय किमान चौदा असावे असे आधी ठरले होते, ती अट ऐन वेळी गेली आणि उंची ५४ इंच एवढीच अट राहिली, हा दुसरा. १८२ दिवस स्लाइड चालली, त्यात या अपघाताखेरीज किमान १३ जणांना इजा झाल्या, हा तिसरा. बांधायची कल्पनाच एका दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्यांवर छाप पाडायला निघाली, असेही त्यात म्हटले आहे. हे शेवटचे वाचायला चुरचुरीत आहे, पण त्याने पन्हळीची त्रिज्या बदलत नाही.

जाळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तराफे उडतात हे कळल्यावर उंचवट्यावर पन्हळीभोवती धातूच्या कमानी उभ्या केल्या आणि त्यांवर जाळी ताणली. कोणी उसळलाच तर बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. तराफ्यातल्यांना वेल्क्रोसारख्या पट्ट्यांनी बांधायचे. दोन्ही उपायांत एकच गृहीत आहे: उडणे थांबवता आले नाही तरी उडालेल्याला आत ठेवता येईल. पण ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जाणाऱ्याला आडव्या कमानी म्हणजे दारांच्या चौकटींची रांग. त्या मुलाचा जीव कमानीवर आदळून गेला. आरोपपत्रात ही जाळी सुरक्षेच्या खात्यात येत नाही. उडणाऱ्याच्या वाटेत उभा केलेला धोका म्हणून ती येते. इथे आरोपपत्राशी वाद घालायला मला जागा दिसत नाही.

वाद आहे तो कायद्याच्या बाजूला. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायाधीश रॉबर्ट बर्न्स यांनी सगळे आरोप रद्द केले. कारण असे, की ग्रँड ज्युरीला त्या दूरचित्रवाणी मालिकेतली नाट्यमय दृश्ये दाखवली गेली, दुसऱ्या उद्यानातल्या एका जुन्या मृत्यूचा उल्लेख झाला, आणि एएसटीएम या संस्थेची अभियांत्रिकी मानके मोडली असा भर दिला गेला, जी मानके तेव्हा कॅन्ससच्या कायद्याने बंधनकारक नव्हती. दोषी की निर्दोष, हा निवाडा झालाच नाही. आरोप ज्या रीतीने ठेवला गेला ती रीत सदोष ठरली.

त्या आदेशातले तिसरे कारण मी पुन्हा पुन्हा वाचतो. एएसटीएमची करमणुकीच्या खेळांसाठीची समिती १९७८ पासून आहे. प्रवाशाच्या अंगावर किती गतिबदल चालेल, वॉटर स्लाइडची रचना कशी असावी, याची मानके तिने लिहिलेली आहेत, छापलेली आहेत, विकत मिळतात. पण ती कायदा नव्हेत. राज्याने आपल्या कायद्यात ती घेतली तरच ती लागू. केंद्र सरकारचे म्हणाल, तर ग्राहकसुरक्षा आयोगाचा एका जागी कायम असलेल्या खेळांवरचा अधिकार अमेरिकी काँग्रेसने १९८१ सालीच काढून घेतला होता. उरले राज्य. आणि कॅन्ससमध्ये उद्यानांनी आपल्या खेळांची वार्षिक तपासणी आपल्याच माणसांकडून करून घेतलेली चालत असे. म्हणजे जगातली सर्वांत उंच वॉटर स्लाइड उभी राहिली ती अशा ठिकाणी, जिथे तिचे गणित तपासायला बाहेरचा माणूस यावा असे कोणत्याही कागदाने सांगितले नव्हते. राज्याने एप्रिल २०१७ मध्ये कायदा बदलला. त्या वर्षीच्या १ जुलैपासून पात्र निरीक्षकाकडून वार्षिक तपासणी आली. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये केले ते कॅन्ससने अठरा वर्षांनी केले, आणि दोन्हीकडे अपघात आधी झाला. मुलाच्या कुटुंबाला मिळालेली भरपाई दोन कोटी डॉलरच्या जवळपास होती. ती तडजोड आरोपपत्राच्या वर्षभर आधीच झाली.

आता पुन्हा त्या तीन आकड्यांकडे. इथून पुढचे अनुमान माझे आहे. तराफ्यात तीन जागा एकामागे एक, सारख्या अंतरावर, असे धरू. तिघेही १८२ पौंडांचे असते तर बेरीज ५४६च झाली असती आणि वजनाचा मध्य बरोबर मधल्या जागेवर आला असता. प्रत्यक्षात पुढच्या जागेवर एकूण वजनाच्या सातव्या हिश्शाहूनही कमी वजन होते, मधल्या जागेवर निम्मे, मागच्या जागेवर तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त. वजनाचा मध्य मागे सरकला. काट्याला हे कळत नाही. काटा ५४६ सांगतो आणि गप्प बसतो.

बैलगाडी भरणाऱ्याला हे कळते. गाडीत पाठीमागे माल जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, आणि गाडी पुढून उठते. त्याला आपल्याकडे उलाळ म्हणतात. पुढे जास्त भरले तर जू मानेवर रुतते. म्हणून भरणारा पोत्यांची संख्या मोजून थांबत नाही, गाडीचे धुरे हाताने उचलून पाहतो. तरीवरचा नावाडीही तेच करतो. होडीत दहा माणसे चालतील एवढे सांगून तो गप्प बसत नाही. 'तुम्ही मधे या', 'दादा, तुम्ही पलीकडे सरका', अशी हाताने माणसे लावतो. सपाट पाण्यात आणि बैलाच्या चालीने जाताना जर मांडणी इतकी बघावी लागते, तर ज्या माथ्यावर सगळा भार शून्याकडे जातो तिथे ती किती बघावी लागेल? तराफा माथ्यावर येतो तेव्हा त्याला खाली धरून ठेवणारे वजन तसेच उतरणीला लागलेले असते. अशा वेळी त्याचे नाक हलके असेल तर ते आधी सुटणार.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पितळी पाटी आहे: सहा माणसे, ४०८ किलो. माणशी ६८ किलो धरून केलेला हिशेब. लिफ्टसाठी तो पुरेसा आहे, कारण ती दोन रुळांमध्ये जखडलेली असते आणि हळू चालते. सहाही जण एका कोपऱ्यात दाटले तरी फारसे बिघडत नाही. फेरुक्टचा नियमही मला याच पाटीच्या घराण्यातला वाटतो. एक बेरीज, एक वरची हद्द, एक खालची. कोण पुढे, कोण मागे, हे ठरवण्याचे काम तिने घेतलेच नाही. चौदा वर्षांची अट राहिली असती, तर पुढच्या जागेवर इतके हलके वजन येण्याचा संभव बराच कमी झाला असता. त्या अटीचे कारण लिहिणाऱ्याच्या मनात मांडणी होती की नुसती काळजी, ते असो. पण उंचीच्या अटीने ती जागा भरून निघत नाही. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट. साडेचार फुटांचा दहा वर्षांचा मुलगा कुठल्याही शाळेच्या वर्गात सापडतो.

अपघातानंतर स्लाइड पुन्हा उघडली नाही. पुरावा म्हणून ती दोन वर्षे तशीच उभी राहिली. रिकाम्या पन्हळीवरच्या कमानी महामार्गावरून दिसत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती पाडायला घेतली. उद्यानही त्यानंतर उघडले नाही. सर्वांत उंच वॉटर स्लाइडचा मान परत ब्राझीलमधल्या किलिमांजारोकडे गेला, दीड मीटर खाली. तिथे एका वेळी एकच माणूस घसरतो.